बंड्याचं पोट आणि गळवाचं औषध

अँटिबायोटिकने मांजराचं पोट बिघडणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की आमच्या डॉक्टरांनी औषधाची बाटली हातात देतानाच ते सांगून टाकलं. "जुलाब झाले, एखादी उलटी झाली, तर लगेच कळवा. पण ताई, मला न विचारता औषध थांबवू नका." पुढचे सगळे दिवस या सूचनेला धरून काढले. ते सविस्तर लिहितेय, कारण मराठीत शोधायला गेलं की गाईम्हशींच्या हगवणीबद्दल पानंच्या पानं मिळतात आणि घरातल्या मांजराबद्दल फारसं काही हाती लागत नाही.

बंड्या आमचा देशी बोका. चार वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन साडेचार किलो. आम्ही लालबागला चाळीत राहतो आणि पावसाळ्यात मागच्या गल्लीतला एक दांडगा बोका आमच्या गॅलरीच्या पत्र्यावर येऊन बसतो. त्या दोघांची जुंपली आणि बंड्याला शेपटीच्या बुडाशी चावा बसला. मांजराचा सुळा सुईसारखा बारीक असतो. तो आत जातो, तोंडातले जंतू तिथे सोडतो आणि बाहेर येतो. पाश्च्युरेला नावाचे जंतू मांजराच्या तोंडात कायम असतातच. वरची कातडी लवकर मिटून जाते, म्हणून बाहेरून काही दिसत नाही आणि आत पू साठत राहतो. बंड्या कपाटावरून खाली उतरेना, अंगाला हात लावला की गुरगुरायला लागला, तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. ताप १०४ फॅरेनहाइट होता. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ असतं. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन गळू फोडलं, पू काढला, जखम धुतली आणि अमॉक्सिसिलिन अधिक क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप लिहून दिलं. दिवसातून दोनदा, वजनावर मोजून.

या औषधाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पोटाचा सगळा त्रास तिथूनच आला. अमॉक्सिसिलिन जंतू मारतं. काही जंतू त्याला फोडणारं एन्झाइम तयार करतात, ते अडवायला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. पोटाला जास्त करून सोसत नाही ते हे दुसरं. माणसांच्या ६२५च्या गोळीत अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ मिलिग्रॅम, म्हणजे चारास एक असं प्रमाण असतं. लहान मुलांच्या काही सिरपांत ते सातास एक असतं. घरात पोराचं औषध उरलंय, तेच मापाने कमी करून मांजराला देऊ, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं. नुसते मिलीलिटर कमी करून ते औषध मांजराचं होत नाही. शिवाय सिरपची पावडर एकदा पाण्यात कालवली की बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते आणि ती टिकतेही थोडेच दिवस.

जुलाब ही पहिली खूण नव्हती. पहिली खूण होती बशीपाशी येऊन परत फिरणं. बंड्या यायचा, वास घ्यायचा, ओठ चाटायचा, एक-दोनदा लाळ गिळायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. डॉक्टर म्हणाल्या, हे मळमळीचं लक्षण आहे, याला नखरे समजू नका. त्याच रात्री औषध दिल्यावर अर्ध्या तासात त्याला उलटी झाली. अशा वेळी हात आपोआप बाटलीकडे जातो, औषध पडून गेलं, पुन्हा द्यावं असं वाटतं. मी आधी फोन केला. उत्तर आलं की परत देऊ नका, किती पोटात राहिलं आणि किती बाहेर आलं हे कळायला मार्ग नाही, पुढची वेळ होईल तेव्हाच द्या, आणि तेही पोटात काहीतरी गेल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून शी बदलली. सकाळी पिठल्यासारखी होती, दुपारनंतर अगदी पाणी. मातीच्या टबपर्यंत पोहोचेपर्यंतही त्याला धीर निघेना. मोरीत, दाराजवळच्या पायपुसण्यावर, जिथे असेल तिथे व्हायला लागली. बंड्या फार स्वच्छ प्राणी आहे. तो तिथेच थांबून पंजाने फरशी खरवडत राहायचा, माती ओढून झाकायचा प्रयत्न करायचा. ते बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी फोनवर विचारलेले प्रश्न मला आज सगळ्यात मोलाचे वाटतात. शी किती वेळा होते आणि एका वेळी किती होते? कुंथतो का? शेंबडासारखं काही चिकट पडतं का? रक्त दिसलं तर ते लाल आहे की डांबरासारखं काळं? यामागे हिशोब असा की लहान आतडं बिघडलं तर शी थोड्या वेळा पण भरपूर होते, आणि मोठं आतडं बिघडलं तर वारंवार, थोडी थोडी, कुंथून, चिकट होते. काळी शी म्हणजे वर कुठेतरी रक्तस्राव, तेव्हा फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. बंड्याचं दुखणं मोठ्या आतड्याचं होतं.

असं का होतं हे त्यांनी समजावलं तेव्हा माझी घालमेल बरीच कमी झाली. मोठ्या आतड्यात असंख्य उपकारक जंतू राहतात. पचून न गेलेल्या चोथ्यावर ते जगतात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तराला त्यांतून ताकद मिळते आणि शीतलं पाणी व मीठ परत अंगात शोषून घ्यायला मदत होते. अँटिबायोटिकला गळवातला जंतू आणि आतड्यातला जंतू यांत फरक करता येत नाही. आतले जंतू कमी झाले की ती आम्लं कमी होतात, पाणी आतड्यातच राहतं आणि पातळ होऊन बाहेर पडतं. म्हणजे बंड्याला औषधाची अ‍ॅलर्जी झाली नव्हती, त्याच्या पोटात कुठला नवा भयंकर रोगही शिरला नव्हता. तरीही डॉक्टरांनी सगळा दोष औषधावर टाकला नाही. ताजी शी छोट्या डबीत घालून आणायला सांगितली आणि जंत व जिआर्डिया (आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी) तपासून घेतले. दोन्ही नव्हते. ही तपासणी अगदी साधी आहे आणि मला ती फार पटली. आपण औषधाला बोल लावत बसायचं आणि आत जंतांनी पोट पोखरलेलं, असंही होऊ शकतं.

घरात तोवर सल्ल्यांना ऊत आला होता. माझ्या सासूबाई मालवणच्या. बंड्यावर त्यांचा जीव माझ्याहून काकणभर जास्तच. त्यांनी सहाण पुढ्यात घेतली. "अगो, जायफळ उगाळून चाटव त्येका, जुलाब थांबतले." आमच्या घरातल्या सगळ्या लेकरांना त्यांनी तसंच बरं केलंय, त्यामुळे त्यांचा विश्वास मी समजू शकते. पण जायफळात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते मांजराला बाधतं. मी म्हटलं, "आई, डॉक्टर नको म्हणाल्यात." त्यांनी सहाण उचलून ठेवली, वाद घातला नाही. शेजारून जुलाब बांधायची माणसांची गोळी आली, तीही तशीच परत गेली. लोपेरामाइड मांजराला चढू शकतं, ते डॉक्टरांशिवाय कुणी देऊ नये. पॅरासिटामॉलचं तर नावही नको, त्याची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते. ताप आहे म्हणून कुणी प्रेमाने देईल, म्हणून मुद्दाम लिहितेय.

दुधाचं काय, असं बरेच जण विचारतात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे चांगल्या पोटालाही दूध त्रास देतं, मग बिघडलेल्या पोटाची काय कथा. दह्यात ती साखर कमी असते, पण दह्यातले जंतू अमॉक्सिसिलिनपुढे टिकत नाहीत. एकीकडून आपण भरायचं आणि दुसरीकडून औषधाने मारायचं, असं ते होतं.

म्हणून डॉक्टरांनी सॅकरोमायसिस बुलार्डी सुचवलं. हे बॅक्टेरिया नाही, यीस्ट आहे, त्यामुळे जंतूंवरच्या अँटिबायोटिकने ते मरत नाही. आँरी बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात इंडोचायनात ते लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून वेगळं काढलं. तिथले लोक पोट बिघडल्यावर त्या सालींचा काढा पीत असत, ते बघून त्याला शोध घ्यावासा वाटला. माणसांसाठीची त्याची पाकिटं साध्या केमिस्टकडे मिळतात. पण प्रत्येक कंपनीच्या पाकिटात इतर काय काय मिसळलंय ते वेगवेगळं असतं, म्हणून मी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो डॉक्टरांना पाठवला आणि त्यांनी सांगितलं तेवढंच दिलं. बॅक्टेरिया असलेलं प्रोबायोटिक द्यायचं झालं तर ते आणि अँटिबायोटिक यांत निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं.

खाण्याची सगळी रीत बदलली. एरवी बंड्याला मांदेली आणि बोंबील आवडतात, ते पूर्ण बंद. हाडाशिवायची, कातडी काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात शिजवायची. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर चुकूनही नाही, कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे रस्सा करताना वाटपात ते असतंच, म्हणून बंड्याचं भांडंच वेगळं ठेवलं. मांस बोटाने कुस्करून, कोमट करून, थोडं थोडं दिवसातून बऱ्याच वेळा. कोमट केलं की वास सुटतो, आणि मळमळणारं मांजर जीभ लावण्याआधी वासावरच ठरवतं. कोंबडी शिजवलेलं पाणी वेगळ्या वाटीत ठेवलं, ते तो साध्या पाण्यापेक्षा आवडीने प्यायचा. सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं आणि शेवटपर्यंत कुणाला करू दिलं नाही.

औषध आता असं द्यायला लागलो: आधी दोन-तीन घास, मग सिरप, मग परत एखादा घास. सिरप समोरून घशात सोडायचं नाही. सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, दातांच्या मागच्या फटीतून, थेंब थेंब. एकदम सोडलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. चव नकोशी वाटली की मांजराच्या तोंडाला फेस येतो, तो विषबाधेचा नसतो. माझ्या मैत्रिणीच्या मांजरीला डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक चालू होतं, तिच्या बाबतीत तर ही काळजी याहून मोठी. ती गोळी कोरडी दिली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, पुढे नळी आकसूही शकते. त्या गोळीमागे पाच-सहा मिलीलिटर पाणी किंवा घास गेलाच पाहिजे.

माझ्या लेकीने एक वही केली. औषध किती वाजता, काय खाल्लं, पाणी, शी, उलटी. शीला ती १ ते ७ असे आकडे द्यायची. पशुवैद्य वापरतात ती मोजपट्टी अशीच आहे, १ म्हणजे खडा, ७ म्हणजे पाणी. या वहीने आम्हाला फार आधार दिला. मन घाबरलेलं असलं की सगळे दिवस एकसारखे वाईट भासतात. वहीत मात्र दिसत होतं की औषध अन्नासोबत द्यायला लागल्यापासून उलटी झालेली नाही. डॉक्टरांनाही "बरं नाही हो त्याला" सांगण्याऐवजी पान दाखवता येत होतं.

तरी एक दिवस असा आलाच की बंड्याने सकाळपासून काही खाल्लं नाही. कोंबडी नाही, तिचं पाणी नाही, बोटावरचा घासही नाही. पलंगाखाली भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. मांजराच्या उपाशी राहण्याला आपण माणसाच्या उपासाचं माप लावू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती झेपत नाही आणि ते निकामी व्हायला लागतं. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त. आम्हाला सांगितलेलंच होतं की चोवीस तास वाट बघायची, त्याहून जास्त नाही. आम्ही तितकीही बघितली नाही. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू खाली बसत होती आणि हिरड्यांना बोट लावलं तर चिकट लागत होतं. अंगातलं पाणी कमी झाल्याच्या या दोन्ही खुणा. संध्याकाळी पिंजरा उचलला.

दवाखान्यात त्याला कातडीखाली रिंगर लॅक्टेटचं सलाइन दिलं. पाठीवर पाण्याचा उंचवटा तयार झाला आणि मग तो एका पायाकडे ओघळला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते भीतिदायक वाटतं, पण काही तासांत ते पाणी अंगात जिरतं. मळमळ थांबवायला मॅरोपिटंटचं इंजेक्शन दिलं. ते झोंबतं. बंड्या ओरडला आणि लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथे मी डॉक्टरांना विचारलं, की मॅडम, हे रोजचं सिरप सोडून तो दोन आठवडे काम करणारा एकच डोस देता येणार नाही का? त्याचं नाव सेफोव्हेसिन. त्यांनी दिलेलं उत्तर मला अगदी पटलं. ते इंजेक्शन दिलं की औषध अंगात दोन आठवड्यांहून बराच जास्त काळ रेंगाळतं. पोट बिघडलं, रिअ‍ॅक्शन आली, तर परत काढून घेता येत नाही. तोंडाने द्यायचं औषध निदान थांबवता येतं. ज्याला गोळी देणं शक्यच नाही अशा रानटी मांजरासाठी ते योग्य, बंड्याला त्याची गरज नाही.

मग त्यांनी जखम नीट तपासली. जखमेचं तोंड उघडं होतं, पू येत नव्हता, सूज उतरली होती, ताप गेला होता. गळवात खरा उपचार पू निघून जाणं हाच असतो, औषध त्याच्या मदतीला. म्हणून कोर्स वाढवायचा नाही, ठरलेल्या सात दिवसांवर थांबायचं असं त्यांनी ठरवलं. हा निर्णय जखम बघून त्यांनी घेतला, हे महत्त्वाचं. तीच जखम आत साठत असती तर जुलाब असूनही औषध चालू ठेवावं लागलं असतं, किंवा पू तपासायला पाठवून दुसरं निवडावं लागलं असतं. घरी बसून जुलाबाकडे बघून हे ठरवता येत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर बंड्याने स्वतःहून उठून कोंबडीचे चार तुकडे खाल्ले. सासूबाईंनी दिवाणावर बसून त्याच्याशी मालवणीत बराच वेळ गप्पा मारल्या.

स्वच्छतेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुलाबाने मागची बाजू लाल होते, मांजर ती सारखी चाटतं आणि आणखी सोलवटून घेतं. आम्ही कोमट पाण्यात कापूस भिजवून हलक्या हाताने पुसत होतो आणि लगेच कोरडं करत होतो. डेटॉलसारखी जंतुनाशकं किंवा फिनाईल मांजराच्या अंगावर तर नाहीच, ते चालतं त्या फरशीवरही वापरू नये. मांजराच्या यकृताला ही द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. आम्ही साध्या साबणाच्या पाण्याने पुसलं आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवलं. टब दोन ठेवले, एक मोरीपाशी, एक दाराजवळ, म्हणजे त्याला धावावं लागू नये.

औषध संपलं म्हणून पोट लगेच सुधारलं नाही. आतड्यातले जंतू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, काही मांजरांत कित्येक आठवडे. शी पाण्यावरून पिठल्यावर, मग मऊ गोळ्यावर आली आणि तिथेच अडून राहिली. तेव्हा डॉक्टरांनी वाफवलेला लाल भोपळा थोडासा कोंबडीत कालवायला सांगितला. त्यातला चोथा पाणीही धरतो आणि परत येणाऱ्या जंतूंचं अन्नही होतो. अँटिबायोटिक संपल्यानंतरही बुलार्डी चालू ठेवलं. नेहमीचं कोरडं खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवत नेलं, कोंबडी त्याच मानाने कमी. नुसत्या उकडलेल्या कोंबडीवर मांजराला फार काळ ठेवू नये. त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य पाण्यात उतरून जातं. मासे सगळ्यात शेवटी आले.

परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल इथून हाकेच्या अंतरावर असल्याने या भागातल्या जुन्या माणसांना जनावराला दवाखाना असतो हे सांगावं लागत नाही. दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने दिलेल्या त्या हॉस्पिटलात आमच्या आजेसासऱ्यांनी टांग्याचा घोडा नेला होता, असं सासूबाई सांगतात. पण मांजर हे आपलं आपण बरं होतं, असा समज अजून बऱ्याच घरांत आहे. तो सोडा, असं मी भेटेल त्याला सांगते.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी बंड्याच्या फाइलवर लाल शाईत लिहिलं: अमॉक्सि-क्लॅव्हने पोट बिघडतं, अन्नासोबतच द्यावं, पहिल्या दिवसापासून बुलार्डी, पू असल्यास आधी तपासणी. त्या पानाचा फोटो मी, नवरा आणि लेक, तिघांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलाय, कारण रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांकडे ही फाइल नसेल.